नळीतली गाठ

"वयनी, परवा क्रियेला बामन येतोय. गवताचा पुतळा करून दादाला अग्नी देऊ. आता किती वाट बगायची?" पुंडलिक म्हणाला.

येसूबाईने ओल्या वाळूत खुरपं घातलं. हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या. ओहोटीला वाळूतले किडे काढून दिराला गळासाठी द्यायचे, हे तिचं रोजचं काम. नवरा, वामन, गेल्या वर्षी वादळात होडीसकट बुडाला. प्रेत काही लागलं नाही आणि तेवढ्यावरच ती अडून बसली होती.

"दर्यानं माला कायतरी दाखवू दे. तवर बांगड्या फोडनार नाय."

पुंडलिक होडीकडे वळला. तारापूरला नव्या अणुभट्टीच्या पायासाठी सुरुंग उडत होते. दर धमाक्याला तिला वाटे, वामन दार वाजवतोय. घरी असली की ती दिवसाढवळ्या उठून कडी काढून बघे. वेड लागायचंच काय ते बाकी होतं बिचारीला.

सरकत सरकत ती पाण्याच्या कडेला आली. तिथे एका किड्याची नळी वाळूतून डोकावत होती. हा किडा मोठा हौशी. वाळूची नळी करतो आणि शिंपल्यांचे तुकडे, काटक्या, मिळेल ते तिला चिकटवून घर सजवतो. येसूबाईने नळी उपसली आणि डोळ्यांजवळ धरली. शिंपल्यांमध्ये लाल दोरा होता. देवळातले दोरेही वाहून येतात म्हणा. पण याला निळा मणी होता, आणि मण्याखालची दुहेरी गाठ तिची होती. वामनच्या कमरेचा करगोटा तिनेच ओवला होता.

तिने दोरा ओढून पाहिला. सुटेना. नळी फोडली तरच निघणार होता. आत किडा अंग चोरून बसला होता. आजवर हजारो किडे उपसलेल्या त्या हातांना हा एक काही काढवेना. तिने नळी पुन्हा रोवली, भोवतीची वाळू टाचेने दाबली आणि तिथेच बसून पोटभर रडली.

"येऊ दे बामनाला," घरी येऊन ती पुंडलिकला एवढंच म्हणाली.

पुतळ्याला अग्नी दिला, दिवसकार्य झालं. पुढे एका ओहोटीला पुंडलिकची बायको जमना तिच्याबरोबर आली. पाण्याच्या कडेला नळी दिसताच ती खुरपं घेऊन वाकली.

"तिथं नको गो, जमना."

"का?"

"तिथं घर हाय."

जमनाला काही कळलं नाही. ती दुसरीकडे गेली. येसूबाई खाली बसून खणू लागली. खुरपं वाळूत जात होतं, येत होतं. हातात काहीच वाजत नव्हतं.