खलबत्ता आणि तिऱ्हाईत

मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरात माझ्या जातीचे कोणी उरले नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. मी एक जुना, लोखंडी खलबत्ता. खल हे माझे पोट आणि बत्ता हा माझा हात. नांदेडमध्ये, गोदावरीपासून फार लांब नसलेल्या एका दोन खोल्यांच्या घरात मी राहतो. या उतारवयात मी एक आश्चर्य पाहिले. ते तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म आगीतला. मोडके नांगर, फुटक्या कढया आणि एक झिजलेला रूळ यांचा रस करून कारागिराने तो साच्यात ओतला. ज्या वस्तू जन्मात एकमेकींच्या शेजारी बसल्या नसत्या, त्या माझ्या अंगात एकजीव झाल्या. लोखंडाला हे किती सोपे जाते, याचे मला तेव्हा काही विशेष वाटले नाही. विशेष वाटू लागले ते माणसांत आल्यावर.

चाकूरच्या एका मोठ्या घराने मला विकत घेतले. तिथे माझे फार कौतुक होते. एका दुपारी, आईबरोबर अंगण झाडायला आलेल्या एका लहान मुलीने बत्ता उचलून माझ्या रिकाम्या पोटात दोनदा आपटला. आवाज कसा होतो ते ऐकावे, एवढीच तिची इच्छा. त्या आवाजाने सगळे घर हादरले. मुलीला हाकलून दिले आणि माझी शुद्धी सुरू झाली. धातूंच्या शुद्धीवर आपल्याकडे पुष्कळ लिहून ठेवले आहे. विद्वानांनी त्यात आयुष्ये घालवली आहेत. मला राखेने घासले, चिंचेने घासले, शेवटी निखाऱ्यांवर ठेवले. माझ्यासाठी इतके उपाय हाताशी होते. त्या मुलीसाठी एकही नव्हता. तेवढ्या एका प्रश्नाकडे वळायला ग्रंथकारांना सवड झाली नसावी.

इतके करूनही मी मालकिणीच्या मनातून उतरलो तो उतरलोच. सुगीला त्या मुलीच्या आईला कामाच्या ज्वारीऐवजी मला देण्यात आले. असा मी तिच्या घरी आलो. मुलीचे नाव चांगुणा.

चांगुणाचे लग्न होऊन ती नांदेडला आली, तेव्हा मला डोक्यावर घेऊन आली. पुढची वर्षे माझ्या वैभवाची. धान्ये, डाळी, धने आणि मिरच्या खरपूस भाजून त्यांचे जे पीठ कुटतात त्याला आमच्याकडे येसर म्हणतात. येसराच्या आमटीशिवाय लग्नाची पंगत उठत नाही. वस्तीतल्या किती लग्नांचे येसर माझ्या पोटातून गेले असेल! मग घरात मिक्सर आला आणि माझी नेमणूक दाराशी झाली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मी तिथे बसून राहिलो. अंगावर गंज चढला. बत्ता कोणाला आठवेनासा झाला.

मला पुन्हा उचलले ते चांगुणाबाईंच्या सुनेने, पंचशीलाने. मिक्सरमध्ये पीठ तापते आणि वास उडून जातो, हे तिच्या ध्यानात आले होते. तिने हाती कुटलेले येसर विकायचे ठरवले. तिची मुलगी बुद्धप्रिया विष्णुपुरीला इंजिनियरिंग शिकते. तिने मोबाईलवर ऑनलाइन दुकान मांडून दिले. माल दारात आला की पैसे द्यायचे, अशी सोय होती.

ऑर्डरी आल्या. डबे गेले. आणि त्यांतले बरेच न उघडता परत आले.

"काय झालं म्हणं?" चांगुणाबाईंनी विचारले.

"डबा देणारा सांगत होता, पाठवणाराचं नाव वाचलं अन् दार लावून घेतलं," बुद्धप्रिया म्हणाली.

माझ्याच पोटातला वास बंद डब्यातून माझ्याकडे परत येत होता. त्या संध्याकाळी पंचशीला म्हणाली, "आणखी एक आला की दुकान बंद. मला नाही सोसत."

बुद्धप्रियाने मग दुकानात नवी सोय जोडायला घेतली. आधी पैसे, मग माल. पैसे एका त्रयस्थ कंपनीमार्फत यायचे.

"म्हंजी तिऱ्हाईत?" चांगुणाबाई म्हणाल्या. "त्याची अन् आपली वळख ना पाळख."

"त्याला कुणाचीच वळख लागत नाही, आजी. इकडचं घ्यायचं, तिकडं द्यायचं."

मी थक्क झालो. घेणारा लातूरला, देणारा नांदेडला, दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. आणि मधला तिसरा कोणाचे कूळ विचारत नाही. शेजारधर्माची इतकी प्रवचने झाली, पण शेजाऱ्यांना जे जमले नाही ते या तिऱ्हाइताला जमत होते!

"पैसे देताना समोरच्याला नाव दिसतं," बुद्धप्रिया म्हणाली. "काय टाकू?"

"गोदामाय गृहउद्योग टाक," पंचशीला म्हणाली. "आपलं नको."

"का गं, चोरीचा माल हाय का?" चांगुणाबाईंनी विचारले.

"चोरीचा न्हाई, आत्याबाई. पण वापस येऊन राहिला ना."

चांगुणाबाईंनी माझ्या कडेवर हात ठेवला. "ह्याला राखंनं घासलं, चिंचंनं घासलं, इस्तवावर भाजलं. तरी टाकूनच दिलं. तू नाव किती घासशील?"

पंचशीला म्हणाली, "टाक. पंचशीला सोनकांबळे, नांदेड."

दुसऱ्या दिवशी एक ऑर्डर नावापर्यंत आली आणि थांबली. 'पेमेंट अपूर्ण', असे मोबाईल म्हणाला. दुपारी आणखी एक तिथेच थांबली. मला ते दार ओळखता आले. आता ते काचेचे होते, इतकेच.

"बदल ते नाव," पंचशीला म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी बत्ता उचलला आणि माझ्या रिकाम्या पोटात दोनदा आपटला. तोच आवाज. या वेळी घर हादरले नाही. मग त्यांनी धने ओतले आणि त्या कुटायला बसल्या.

दिवेलागणीला मोबाईल वाजला. लातूरच्या कोणा मंजुश्रीबाईंनी लग्नासाठी येसर मागवले होते, आणि पैसे जमा झाले होते.

"नाव वाचलं का तिनं?" चांगुणाबाईंनी विचारले.

"नाव समोर येतं, आजी. त्याच्याखालीच पिन टाकावा लागतो."

पंचशीलाने कढई चुलीवर चढवली.

तो डबा परत आला नाही. मंजुश्रीबाईंचा निरोप मात्र आला: येसर तिखटाला जरा कमी आहे, पुढच्या खेपेला मिरची वाढवा.

"लातूरवाल्यांच्या जिभा जळल्यात," चांगुणाबाई फणकारल्या. दिवसभर फणकारत होत्या, आणि दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला होता. त्यांच्या हातच्या चवीला नावे ठेवण्याइतकी जवळीक वस्तीबाहेरच्या कोणी प्रथमच दाखवली होती.

मित्रांनो, मी लोखंड आहे. ओल लागली की गंजतो. वापरानंतर मला कोरडे पुसून ठेवले, तर तुमच्या नातवंडांनाही पुरेन. माझी दुसरी विनंती स्वतःसाठी नाही. कधी पैसे देताना पडद्यावर कोणाचे नाव आले, तर ते शेवटपर्यंत वाचा. आणि मगच बोट ठेवा.