शिर्क्यांच्या अडतीस आकृत्या

"हा आठ आहे की तीन, ते आधी सांग," गजेंद्र शिर्के संगणकावर बसलेल्या कोमलच्या खुर्चीमागून पाचव्यांदा म्हणाले.

कोमलने पडद्यावरची आकृती मोठी केली. पंपाच्या शाफ्टवर बसणाऱ्या रिंगची आकृती होती ती. रेषा मोठ्या झाल्या, तशी त्यांच्याभोवतीची करडी धूळही मोठी झाली. आकडा आठ असू शकत होता, तीन असू शकत होता, आणि फार मनाला लावून घेतलं नाही तर सहासुद्धा.

"काका, बसा ने जरा. तुम्ही मागे फेऱ्या मारता, मला काही सुचत नाही."

शिर्के बसले आणि लगेच उठले. गोरव्यातल्या त्या पंपांच्या कारखान्याची वेबसाइट आज पाच वाजता सुरू व्हायची होती आणि बारा वाजून गेले होते. सकाळपासून त्यांनी तीन चहा अर्धेच टाकले होते.

एकतीस वर्षांपूर्वी ते इथे ड्राफ्ट्समन म्हणून लागले. पुढे संगणक आला, तो त्यांच्या हाताला काही मानवला नाही आणि शेठने त्यांना मापं तपासायला बसवलं. हे त्यांना फार लागलं होतं. बोलले कुणालाच नाहीत, फक्त नव्या मुलांच्या आकृत्यांत चुका काढताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. जुने पंप मात्र अजून चालत होते, म्हणून शिर्क्यांनी हाताने काढलेल्या अडतीस आकृत्याही चालत होत्या. त्या आज जगाला दिसणार होत्या.

जगाचं त्यांना एवढं पडलं नव्हतं. शालिनीला दिसणार होत्या. कारखान्यातला कागद बाहेर न्यायचा नाही, हा नियम त्यांनी इतका पाळला होता, की बायकोने त्यांची एक रेघही पाहिलेली नव्हती. कुणी विचारलं तर ती 'हे कंपनीत आहेत' म्हणायची. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. आज सकाळी डबा घेताना ते तिला म्हणाले होते, संध्याकाळी माझं काम दाखवतो तुला.

"वेबसाइटवाल्यांनीच वाट लावली," शिर्के म्हणाले. "सगळं जेपीजीत कोंबलं. अक्कल नाही एकाला."

चार दिवसांत त्यांनी हा विषय असा धरला होता, की जेवतानाही सोडत नव्हते. जेपीजी फाइल लहान व्हावी म्हणून बारीकसारीक तपशील टाकून देते. माणसाच्या, झाडाच्या फोटोत ते कळत नाही. पण पांढऱ्यावर काळी रेघ असली, की कडेला डाग उठतात. पीएनजी काही टाकत नाही, रेघ होती तशी ठेवते. म्हणून फोटो जेपीजीत, आकृत्या पीएनजीत. हे त्यांचं चहावाल्यालाही समजावून झालं होतं.

"पण काका, मी केल्या ने पीएनजी," कोमल म्हणाली. "नव्या मुलांच्या बघा, चकाचक आल्या. तुमच्याच अशा येतात." तिने जुनं फोल्डर उघडलं. "अहो, तुमची मूळ फाइलच जेपीजी आहे. एकदम लहान केलेली. तिच्यातून जे गेलं ते गेलं. आता पीएनजी केली तर ती डागही तसेच सांभाळणार. मूळ कागद आणा, परत स्कॅन करू."

शिर्के पहिल्यांदाच एका जागी उभे राहिले.

तेरा वर्षांपूर्वी ते कागद त्यांनीच स्कॅन केले होते. सगळ्या आकृत्या एका ईमेलमध्ये जाव्यात म्हणून सगळ्यांत लहान फाइल निवडली होती, आणि शेठने पाठ थोपटल्यावर ट्रेसिंग पेपरचं कपाट स्वतःच्या हातांनी रद्दीत रिकामं केलं होतं. सकाळपासून ज्याला शिव्या घालत होते, तो माणूस तेच होते.

मापं आपल्याला पाठ आहेत, असं त्यांना वाटायचं. ते कागद घेऊन लिहायला बसले. बावीस आकृत्यांची मापं लिहून झाली, मग त्यांतल्या सहांबद्दल शंका आली, मग सगळ्यांबद्दलच. चार वाजता ते उठून शेठच्या केबिनमध्ये गेले आणि आकडे वाचता येत नाहीत म्हणून सांगितलं.

"अरे शिर्केभाई, मूकी दो ने!" राहू द्या तसंच, म्हणत शेठ हसले. "कोण मोटुं करीने जोवानुं छे?"

शेठशी ते नेहमी गुजरातीत बोलत. आज तोंडातून मराठीच आलं. "माप बघणारा मोठं करूनच बघतो, शेठ. आठाचा तीन वाचला, तर माणूस चुकीची रिंग ठोकून बसवेल. माझ्या अडतीसच्या अडतीस काढून टाका. चूक माझी आहे. कागद मी रद्दीत दिले."

"पण जग्या खाली देखाशे."

"दिसू द्या जागा रिकामी."

"सारुं. पछी त्यां पार्टना फोटा मूकी दईशुं," शेठ म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. म्हणजे पुढे तिथे भागांचे फोटो लागणार होते. आकृत्यांची गरजच उरली नव्हती.

मांजलपूरच्या घरी शालिनी हात पुसून, चष्मा लावून झोपाळ्यावर तयार बसली होती. शिर्क्यांनी फोन तिच्या हातात दिला.

"अगंबाई, किती बारीक काम! ह्या तुमच्या?"

"नाही. त्या नव्या मुलांच्या."

तिने पडदा वर सरकवला. रिंगचं नाव होतं, खाली पांढरी चौकट. पुढे दुसरं नाव, पुन्हा पांढरी चौकट. "इथे उघडत नाही वाटतं. थांबा ने, येईल," म्हणत तिने फोन खिडकीकडे धरला.

"येणार नाही," शिर्के म्हणाले. "आकडे वाचता येत नव्हते. चुकीचं माप दिसण्यापेक्षा काही नको म्हटलं. ते पांढरं आहे ना, ते माझं."

तिने चष्मा पदराला पुसून पुन्हा लावला आणि बोट हळूहळू सरकवत अडतीसच्या अडतीस चौकटी एकेक करून पाहिल्या.