खळाळातली माझी शेवटची फेरी

मी रबरी होडी बोलतेय. आवाज खोल गेलाय, जरा जवळ या.

बारा वर्षं मी या नदीच्या खळाळातून माणसं नेली. खडकांमधून पाणी उड्या मारतं ते बघायला दूरदूरून लोक येतात. काठावर वाघ असलेली माणसं पहिल्याच लाटेला शेजाऱ्याचा दंड धरतात आणि उतरली की पुन्हा वाघ. खडक घासायचे ते मला. माझा वल्हेकरी मला ठिगळं लावायचा. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तरी खूप, म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणत.

त्या दिवशी पाणी चढलं होतं. आज नको, असं त्याने मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, एवढी रांग लागलीय, त्यांना काय नुसता काठ दाखवू? मौनीबाबाने वल्हं उचललं.

सहा जण बसले. पुढे एक निवृत्त नर्सबाई होत्या, लेकीने हट्टाने आणलेल्या. मधल्या खडकावर आपटून माझा जुना सांधा उसवला, एका कडेची हवा गेली आणि नर्सबाई पाण्यात गेल्या. मौनीबाबाने वल्हं सोडून त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरला. त्याचा खांदा निखळला, पण मूठ सुटली नाही. गरगरत, आपटत मी कशीबशी सगळ्यांना घेऊन वाळूला लागले.

बाईंनी ओल्या अंगानेच आधी त्याचा हात छातीशी बांधला. लेक रडत होती, तिला गाठ धरायला लावली.

तो पुटपुटला, "वल्हं सोडलं मी. आजवर कधी सोडलं नव्हतं."

"सोडलंत म्हणून मी आहे," त्या म्हणाल्या. मग गाठ आवळत म्हणाल्या, "रांगेत ऐकलं होतं मी तुमचं 'आज नको'. एकदाच का म्हणालात?"



खांदा जागी बसला, वल्ह्याचं बळ काही परतलं नाही. आता तो काठावर उभा राहून पाणी बघतो आणि होडी सोडायची की नाही ते तोच ठरवतो. एकदा नाही, चारदा सांगतो. लोक कुरकुरतात, मालक हूं की चूं करत नाही.

मी शेडमागे उपडी पडलेय. उन्हाने रबर तडकलंय. दुपारी तो माझ्या पाठीवर टेकून भाकरी खातो, तेवढीच सोबत.

नदीवर जरूर या. तिथे तो हात आडवा धरून उभा असेल, तर हुज्जत न घालता मागे फिरा. त्या हाताची किंमत मी जवळून पाहिलीय.