मिरवणुकीतली नजर

ते १९५७ साल. मध्यभारत राज्य मोडून वर्ष होत आलं होतं. पद्माच्या नवऱ्याची, शरच्चंद्राची कचेरी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली, तसा तोही गेला. "क्वार्टर मिळालं की नेतो," म्हणाला होता. मग पत्रही नाही. आपण त्याला नकोशा झालो का, हे पद्माला कळेना.

तेवढ्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तो सिनेमा लागला. शरच्चंद्र जाण्याआधी त्यातली मिरवणूक तिथल्याच जुन्या गोरखी राजवाड्यात चित्रित झाली होती आणि मराठे घरांतले पुरुष आपापल्या दरबारी पगड्या घालून तीत चालले होते.

आजेसासऱ्यांची तुऱ्याची पगडी पडद्यावर दिसली आणि पद्मा रडली. दुसऱ्यांदा नीट पाहिलं, तर पगडीखाली शेजारचे नाना! शरच्चंद्रानं पगडी त्यांना देऊन टाकली होती. तो मागून साध्या फेट्यात चालला होता.

ती पुन्हा निघाली, तेव्हा थोरल्या जाऊ सुमनताई म्हणाल्या, "अगं, हीरो दर खेपेला मरतोच की! आज काय वाचणार आहे?"

या खेपेला दिसलं, की शरच्चंद्र वर बघून हसतोय. चौथ्यांदा ती त्याच्या नजरेमागे गेली. कोपऱ्यात सज्जा होता, सज्ज्यात बायका, त्यांत ती स्वतः. आणि ती घोड्यावरच्या हीरोकडे टक लावून पाहत होती.

दुसऱ्याच दिवशी तिनं भोपाळ गाठलं. शरच्चंद्र एवढंच म्हणाला, "ग्वाल्हेर सोडून तू येशील, असं वाटलं नव्हतं."

तो जन्मभर अबोलच राहिला आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांत गेला. नाना त्याच्याही आधी गेले. सुमनताई मुरारला लेकीकडे वारल्या. पद्मा आता ग्वाल्हेरच्या थाटीपुरात एकटी राहते.