समोरच्या गॅरेजातली बुलेट

दिग्रसच्या आर्णी रोडवर जब्बार मिस्त्रीचं गॅरेज वीस-बावीस वर्षं जुनं. रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, त्याच्या साळ्याचं, तनवीरचं गॅरेज. ते उघडून वर्षही झालं नव्हतं.

तनवीर मूळचा कापसाच्या जिनिंग कारखान्यातला फिटर. २००५ साली कापूस पडेल भावात जाऊ लागला आणि त्याची जिनिंग बंद पडली. तेव्हा त्याची बहीण सुग्राबी नवऱ्याला, जब्बारला, म्हणाली होती, “माह्या भावाले तुमच्याजवळच ठेवा ना.”

“एका गॅरेजात दोन मिस्त्री नाई टिकत,” जब्बार म्हणाला. पण समोरचा गाळा त्यानंच तनवीरला मिळवून दिला. जिनिंगचा माणूस, पंक्चर काढेल, हवा भरेल, असा त्याचा हिशेब.

तनवीरनं पंक्चर काढलीच नाहीत. भंगारात निघालेला जिनिंगचा लेथ त्यानं उचलून आणला आणि बाजारात न मिळणारे पार्ट स्वतः घडवू लागला. त्या वर्षी खेड्यातल्या गाड्या सर्व्हिसिंगला येणं तसंही बंद झालं होतं. लोक काळ्या पडलेल्या ऑइलवरच गाडी रेटत होते. जे थोडं काम शहरात उरलं, त्यातलं निम्मं रस्ता ओलांडून गेलं. जब्बारनं समोरच्याकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. पण एका स्कूटरचा सुटा आरसा त्यानं बाकावर असा टेकवून ठेवला, की तनवीरच्या दारात कोण थांबलं ते दिसावं.

एका सकाळी त्या आरशात चंद्रशेखर साहेबांची बुलेट दिसली.

चंद्रशेखर साहेब तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. बुलेट त्यांच्या वडिलांची, बासष्ट सालची, गोठ्यात ताडपत्रीखाली पडून. जब्बार पंधरा वर्षं त्यांच्या मागे होता, “साहेब, एकडाव माह्या हातात द्या.” आणि आता ती हातगाड्यावर लादून तनवीरच्या दारात उतरत होती.

साहेब रस्ता ओलांडून मुद्दाम भेटायला आले. “जब्बारभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. आतले पार्ट आता मिळत नाहीत. हा लेथवर करून देतो म्हणाला.”

“वाईट कायले वाटन साहेब? घरचाच पोरगा आहे.”

त्या दिवशी जब्बारनं डबा न उघडताच घरी नेला.

दोन महिने तनवीर त्या इंजिनात बुडाला होता. सुग्राबी भावाचं कौतुक सांगू लागली, की जब्बार ताटावरून उठायचा. शेवटी इंजिन बसलं. साहेब पेढे घेऊन आले. तनवीरनं किक मारली. गाडी जागच्या जागी हलली, पण सुरू झाली नाही. दहा, वीस, पन्नास किका झाल्या. मधूनच फट्‌ असा आवाज यायचा आणि पुन्हा शांत.

जब्बारच्या हातातला पाना थांबला. तो फट्‌ सायलेन्सरमधून येत नव्हता, कार्बोरेटरमधून येत होता. त्याला चूक तिथंच, बसल्याबसल्या कळली. इतके दिवस छातीत जे जळत होतं, त्यावर कुणी गार पाणी ओतल्यासारखं झालं.

दुपारी तनवीर आला. शर्ट घामानं भिजलेला. “दुल्हाभाई, प्लगले ठिणगी आहे, पेट्रोल येऊन राह्यलं, कम्प्रेशन तर असं की किक पाय फेकते. मंग चालू काहून होत नाई?”

“कॉइल कमजोर असन,” जब्बार म्हणाला. “नागपूरले जाय. इथं नाई भेटत.”

तनवीर दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं नागपूरला गेला, कॉइल घेऊन आला. गाडी सुरू झाली नाही. मग कंडेन्सर बदलला. मग कार्बोरेटर तीनदा खोलला. रस्त्यानं जाणारे थांबून सल्ले देऊ लागले. आठव्या दिवशी साहेबांचा धीर सुटला. त्यांनी बुलेट ढकलत जब्बारच्या दारात आणली.

“आता तुम्हीच पाहा.”

पंधरा वर्षं वाट पाहिलेली गाडी समोर उभी होती. चूक अर्ध्या तासाची होती. पण जब्बारनं ठरवलं, चार दिवस लावायचे. सगळं चुकलेलं होतं, नव्यानं बांधावं लागलं, असं सांगायचं. त्यानं वरचं झाकण उघडलं.

आत पाहिलं आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. झडपा दाबणाऱ्या आडव्या दांड्या ज्यांत फिरतात ते पितळी बुश तनवीरनं घडवले होते. जब्बारनं दांडी बोटानं हलवून पाहिली. ती लोण्यातून फिरावी तशी फिरली आणि तसूभरही खडखडली नाही. त्यानं दुसरी हलवली. मग कुठेतरी खोट सापडेल म्हणून बाजूचं झाकणही काढून गिअर पाहिले, पुश रॉड पाहिले. सापडली नाही. आतापर्यंत त्याला तनवीरच्या गिऱ्हाइकांचा हेवा वाटत होता. आता त्याच्या हातांचा वाटू लागला, आणि हा जास्त झोंबत होता.

संध्याकाळी तनवीर आला. “साहेबानं गाडी नेली त्याचं काई नाई,” तो म्हणाला. “फक्त माही चूक काय झाली तेवढं सांगा.”

सुग्राबी जब्बारचा चहा घेऊन आली होती. ती कपबशी हातात धरून दारातच थांबली.

जब्बारच्या जिभेवर खोटं तयार होतं. पण उघड्या इंजिनासमोर ते बोलवेना.

“प्लग काढ,” तो म्हणाला. “भोकावर बोट ठेव. मी किक हळू दाबतो. हवा बोटाले ढकलन तवा सांग.”

“ढकलली!”

“आता पॉइंट पाह्य. ते उघडले का ठिणगी पडते. उघडून राह्यले काय?”

तनवीर वाकला. “नाई. बंदच आहेत.”

“पिस्टन वर दोनदा येते बाबा. एकडाव पेट्रोल दाबाले, एकडाव धूर फेकाले. तू ठिणगीची टायमिंग दुसऱ्या डावाले लावली. ठिणगी पडते, पण जाळाले तिथं काई नसते.”

तनवीरनं हातातला प्लग बाकावर ठेवला. मग त्यानं विचारलं, “तुम्ही तं इंजिन आता खोललं. पण फट्‌ आवाज तं त्या दिवशीच आलता. तवाच समजलं असन तुम्हाले?”

“हो.”

“मंग मले नागपूरले कायले धाडलं?”

सुग्राबीनं कप बाकावर ठेवला, चहा बशीत सांडला, आणि ती मागं न पाहता निघून गेली.

टायमिंग तनवीरनंच लावली. जब्बार बाजूला उभा होता. दुसऱ्या किकला इंजिन सुरू झालं आणि थोड्या वेळानं सावकाश, एकसारखं धडधडू लागलं. जब्बारनं आयुष्यात पुष्कळ बुलेट बांधल्या होत्या. एकीचाही ठोका असा बसला नव्हता, हे त्याला ऐकताक्षणी कळलं.

आवाज ऐकून मागच्या गल्लीतून साहेब धावतच आले. “जब्बारभाऊ! शेवटी जुना हात तो जुनाच!”

“इंजिन यानंच बांधलं साहेब,” जब्बार म्हणाला. “मी बारीकशी गोष्ट सांगतली. तेही उशिरा.”

तनवीरनं हात पुसले आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

महिनाभरात तो वणीला गेला, कोळसा खाणीच्या एका ठेकेदाराच्या वर्कशॉपात. गॅरेज का बंद केलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. सुग्राबी नवऱ्याला वेळेवर जेवायला वाढायची. त्यापलीकडे बोलायची नाही. समोरच्या गाळ्याला कुलूप लागलं आणि रस्ता पुन्हा एकट्या जब्बारचा झाला.

पावसाळा सरता सरता उमरखेडचे एक गृहस्थ जुनी बुलेट घेऊन आले. त्यांनी कुलूप पाहिलं आणि जब्बारला विचारलं, “ते तनवीर मिस्त्री कुठं गेले? चंद्रशेखर साहेबांची गाडी त्यांनी बांधली म्हणतात.”

“मी बी बुलेट करतो,” जब्बार म्हणाला.

“करत असाल. पण मला त्यांच्याकडूनच करून घ्यायची आहे.”

जब्बारनं त्यांना बसवलं, चहा पाजला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या. मग सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडून त्यावर वणीचा पत्ता आणि तनवीरचा मोबाइल नंबर लिहून दिला. ते गेले. त्यानंतर दिवसभर त्याचं कामात लक्ष लागलं नाही.