नाळ पुरायची जागा

लोक पोटापाण्यासाठी गाव सोडून गेले, असं तुम्ही सरकारी कागदात लिहून ठेवलंत. खोटं लिहिलंत. आधी तुम्ही एसटी बंद केलीत. मग नर्सबाई यायची थांबली, मग शाळेला कुलूप लागलं. तेव्हा कुठं राहीबाईनं चूल विझवली आणि साताऱ्याचा डोंगर उतरून शहरात नवऱ्याजवळ आली. शिवराम मार्केटात पोती उचलायचा. घणसोली गावात भाड्याची खोली होती, मोरीसकट एक.

याच खोलीत लेक राजेश्वरी पहिल्या बाळंतपणाला आली. माहेर म्हणून.

आज सकाळी बाळाची नाळ गळून पडली. मनुक्याएवढी, वाळलेली. राहीबाईनं ती हळदीत घोळून फडक्यात बांधली.

"उद्या गावाला जाऊन येते," ती म्हणाली. "अंगणात पुरते. तुम्हा पोरांच्याबी तिथंच हायती, शेवग्याखाली."

"आई, एवढा डोंगर चढणार तू? समोरच्या बायजाकाकीच्या कुंडीत पूर ना. उगाच टेन्शन घेतेस."

"कुंडीत? आन उद्या खोली बदलली, मग? पोरीचं गाव काय टेम्पोत घालून न्यायचं?"

शिवराम भाकरी मोडता मोडता थांबला.

"जाऊ नगंस."

"का वो?"

"अंगण न्हाई ऱ्हायलं. पवनचक्कीची पाती न्यायला रस्ता केला, त्यात गेलं. शेवगाबी गेला. जत्रंला गेलतो तवा बघितलं."

"आन मला सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? तू रोज अंगणाचं बोलत हुतीस."

ज्या डोंगरावर तुमची एसटी चढत नव्हती, त्याच डोंगरावर पवनचक्कीचे लांबलचक ट्रेलर चढले होते. रस्ता करायचाच होता, तर माणसं होती तेव्हा का नाही केलात?

फडकं मुठीत धरून राहीबाई उंबऱ्यात जाऊन बसली. समोरच घरमालकीण बायजाबाई मासळी साफ करत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कुंडीतली माती मी पन इकतच आनलीय गो," ती म्हणाली. "त्यो टॉवर बघ. त्याच्याखाली माजं भाताचं शेत हाय. तू गाव सोडून आली. मी कुटं गेलीच नाय, तरी माजं गाव गेलं."

मग हात धुऊन ती आतून पहार घेऊन आली.

"चल. माज्या दारात पूर. कोन काय बोलतंय ते बघतंय मी."

दोघींनी गल्लीतला एक पेव्हर ब्लॉक उचकटला. खाली खडी. खडीखाली सिमेंटचे गोळे, फुटक्या टाईल्स, प्लास्टिक. बायजाबाईनं आणखी दोन ब्लॉक काढले. पहार ठणठण वाजत राहिली. माती काही लागेना.

तेवढ्यात ब्लॉक बसवणाऱ्यांचा मुकादम बाईकवरून आला.

"ओ काकी! काय लावलंय? कोणाला विचारून काढले? परमिशन आहे काय?"

राहीबाई उठली. गुडघ्याची खडी तिनं झटकली नाही.

"परमिशन न्हाई. जा, तुज्या सायबाला बोलव. त्येच्या सायबालाबी बोलव. माज्या नातीची नाळ हाय ही. पुरायला वंजळभर माती कुठं ठिवलीय तुमी? बोल की. मी हितंच हुबी हाय."