साठ सेकंदांची शेवळं

शेवळांची भाजी साठ सेकंदांत होत नाही. हे दिपालीला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. लग्न होऊन कोन गावात आल्यापासून सहा वर्षं ती सासूला, म्हणजे आक्काला, दर मे महिन्याच्या शेवटी ही रानभाजी करताना बघत आली होती. वरचं साल सोला, आतला पिवळा भाग काढून टाका, बारीक चिरा, काकडं, म्हणजे ती छोटी रानफळं, ठेचून त्यांचा आंबट रस घाला, मग सुक्या कोलंबीचे सोडे टाका. आक्का पाटावरून उठेपर्यंत दुपार व्हायची. पण मोबाइलवर बघणाऱ्यांना एवढा दम कुठला? म्हणून यंदा आक्काचा व्हिडिओ काढून बाईसाहेबांनी त्याला कात्री लावली.

काकडांच्या वेळी आक्काचं कोपर मध्ये आलं होतं आणि ती शेजारच्या कमळशी कुणाच्या तरी हळदीबद्दल बोलत सुटली होती. तेवढा तुकडा दिपालीने उडवून टाकला. रविवारी रील चढवली आणि बुधवारपर्यंत दोन लाख जणांनी बघितली. दिपालीचे पाय काही जमिनीवर नव्हते.

बुधवारी दुपारी जेवण आटोपून तिने फोन हातात घेतला, तर नेत्रा नावाच्या कुणा बाईची कमेंट होती, पंचवीस मिनिटांपूर्वीची. ‘ताई, तुमचं बघून शेवळं केली. मुलीने दोन घास खाल्ले आणि घशात काटे टोचतायत म्हणून रडतेय. जीभ बाहेर काढून बसलीय. सात वर्षांची आहे. काय करू?’

दिपालीने ते दोनदा वाचलं. काकडं!

शेवळं मुळात खाजरी. काकडांचा आंबट रस पडला तरच ती खाज मरते, नाहीतर घसा धरते. पण कोनमध्ये हे कुणी कुणाला सांगत नाही. नाक्यावर गोदूबाई शेवळं घेऊन बसते, ती जुडीबरोबर मूठभर काकडं न मागता पिशवीत टाकते. नुसती शेवळं मागणारं गिऱ्हाईक तिने जन्मात बघितलं नसेल. दिपालीलाही तो तुकडा कापताना वाटलं होतं, काकडं काय, घालतातच सगळे. जगात सगळीकडे गोदूबाई बसत नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

नेत्राच्या कमेंटखाली लोकांनी उत्तरांचा पाऊस पाडला होता. एक म्हणे मध चाटवा. दुसरा म्हणे मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. तिसऱ्या शहाण्याने लिहिलं होतं की काही होत नाही, पोरं नाटकं करतात. दिपालीने स्वतः शोधायला घेतलं तर तिथेही तीच तऱ्हा. एक वेबसाइट गरम चहा द्या म्हणत होती, दुसरी गरम काही देऊच नका म्हणत होती. तिसऱ्या ठिकाणी मात्र छान शुद्ध मराठीत, ‘तज्ज्ञांच्या मते’ अशी सुरुवात करून, शेवळांची सगळी माहिती दिली होती. तिला जरा हायसं वाटलं. खाली फोटो होता. कढईवर एक हात, हातात हिरव्या बांगड्या, कढईचा कान तुटलेला. हात आक्काचा होता. खालची कृती दिपालीच्या रीलवरून शब्द न् शब्द उतरवलेली होती, काकडांशिवाय.

ती तशीच अनवाणी कमळच्या परसात धावली. तिथे आक्का पापड वाळत घालत होती. दिपालीने एका दमात सगळं सांगितलं.

आक्काने विचारलं, “काकडं दाखवलीच न्हाय?”

“कापली, आक्का. लांब होत होतं.”

आक्का ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की चिंच चघळायला सांग, चिंचेने खाज उतरते. दिपालीने ‘चिंच’ लिहिलंसुद्धा, आणि तिचं बोट थांबलं. या घरात काकडांशिवाय शेवळं कुणी कधी खाल्लीच नव्हती. मग चिंचेने उतरते हे बघितलं कुणी?

“आक्का, तुम्ही स्वतः बघितलंय का कुणाचं उतरलेलं?”

आक्काने जरा आठवून बघितलं. “न्हाय बाय. ऐकलंय नुसतं.”

दिपालीने चिंच खोडली. तिने नारपोलीला, माहेरच्या डॉक्टरांना फोन लावला. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. त्यांनी विचारलं, जीभ-ओठ सुजलेत का, लाळ गळतेय का, श्वास नीट आहे का. दिपालीला एकाचंही उत्तर देता येईना. ती मुलगी कुठल्या गावात आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तोंड पाण्याने धुवायला सांग, थंड दूध घोट घोट दे म्हणावं, उलटी अजिबात काढायची नाही, आणि सूज असली, गिळता येत नसलं किंवा श्वास लागत असला तर लगेच हॉस्पिटल. नसलं तरी जवळच्या डॉक्टरांना दाखवायचंच. ते सगळं तिने नेत्राला लिहिलं, सगळ्यात वर लावून ठेवलं, वेगळा मेसेजही पाठवला.

नेत्राचं उत्तर नाही. मेसेज उघडलेलासुद्धा नाही.

एवढ्यात मितेशचा फोन आला. मानकोलीच्या गोदामात ड्युटीवर असलेल्या तिच्या नवऱ्यालाही कुणीतरी कमेंट दाखवली होती. त्याचं म्हणणं एकच, रील उडव आणि मोकळी हो, नसती भानगड नको. दिपालीचं बोट तिथपर्यंत गेलंही होतं. पण रील उडवली की नेत्राची कमेंट जाणार आणि तिच्याखालचं डॉक्टरांचं उत्तरही जाणार. ती बाई फोन उघडेल तेव्हा तिला काय दिसेल? आणि ठेवावी तर दर मिनिटाला नवं कुणीतरी बघतंय. नाशिकची एक बाई लिहीत होती की आजच शेवळं आणलीत, संध्याकाळी करते. दिपालीने तिला लिहिलं, थांबा. मग आणखी एकीला लिहिलं. ओटीवरून परसात, परसातून ओटीवर, ती एका जागी ठरेना. त्या मुलीचं काही बरंवाईट झालं तर आपण तोंड कुठे लपवायचं, हा एकच विचार तिला जाळत होता.

आक्का हात पुसत आली आणि म्हणाली, “मला बसव त्या फोनपुढं. आता, सगळ्यांना दिसंल असं.”

दिपालीने लाइव्ह लावलं. आक्का पाटावर बसली, पदर सारखा केला, ओंजळभर काकडं समोर धरली.

“मी कोनची आक्का. शेवलात ही काकडं घालायचीच. आम्ही दाखवली न्हाय, ती आमची चूक हाय. नेत्रा, बाय, तू ऐकत असशील तर आधी पोरीला दाक्तराकडं ने. मंग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे.”

‘आमची’ म्हणाली आक्का, ‘सुनेची’ नाही म्हणाली. फोन धरलेल्या दिपालीला रडू आवरेना.

चार वाजून गेले, साडेचार झाले. पाचला नेत्राचा मेसेज आला.

‘दवाखान्यात आहोत. तुमचं उत्तर वाटेत वाचलं. जिभेला सूज होती, आता उतरतेय, डॉक्टर म्हणाले काळजी नाही. ताई, मी काही फक्त तुमच्यावर विश्वास ठेवून केली नव्हती. मुलीला द्यायची म्हणून आणखी तीन ठिकाणी बघून खात्री करून घेतली. सगळीकडे अगदी असंच लिहिलं होतं.’

दिपाली तिथेच जमिनीवर बसली. पोरगी बरी आहे म्हणून तिचा जीव भांड्यात पडला, मग तिने शेवटची ओळ पुन्हा वाचली. बिचारीने चार ठिकाणी विचारलं होतं आणि चारही ठिकाणी दिपालीच बोलली होती.

आता तिने रील उडवली. मग शोधून बघितलं. पहिल्याच पानावर आक्काचा हात तीनदा आला.

आक्काने विचारलं, “गेली ना ती?”

“आपली गेली. बाकीच्यांकडं आहे.”

“किती जणांकडं?”

“माहीत नाही.”

आक्का तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसली. काकडं अजून तिच्या मांडीवरच होती. “मंग एकेकाला सांगत सुट,” ती म्हणाली.

पहिल्या वेबसाइटवर काही लिहायला जागाच नव्हती. दिपालीने दुसरी उघडली.